हेडर, ट्यून आणि बीडची हवा : वाढलेली ताकद येते कुठून?

स्पोर्ट्स सेडानची आवड आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. एमएच २३ आणि एमएच ४४ पाटीच्या स्लाविया, व्हर्टस, सिटी किंवा जुन्या ऑक्टाव्हिया धुळे–सोलापूर महामार्गावर गेवराईपासून चौसाळ्यापर्यंत धावतात, आणि त्यांच्या मालकांना एक प्रश्न हमखास पडतो : कंपनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून बाहेरचा हेडर बसवला, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू ट्यून करून घेतला, तर पिकअप किती वाढेल आणि घातलेले पैसे वसूल होतील का? बाजारात मिळणारे उत्तर एका आकड्याचे असते. खरे तर त्या आकड्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात : हेडरचा फायदा, ट्यूनचा फायदा आणि मोजणीच्या पद्धतीने पडलेला फरक. त्या सुट्या करून पाहिल्या की हेडरचा वाटा सर्वांत लहान निघतो. ट्यूनचा वाटा टर्बो इंजिनात खरोखर मोठा असतो. मात्र ती ताकद कारखान्याने मागे ठेवलेल्या राखीव साठ्यातून काढलेली असते. हा साठा उष्णतेसाठी, उंचीसाठी, कमीजास्त दर्जाच्या इंधनासाठी आणि भरलेल्या गाडीने चढायच्या घाटासाठी ठेवलेला असतो. म्हणजे ज्या परिस्थितीसाठी तो ठेवला, तीच बीडची नेहमीची परिस्थिती आहे. म्हणून हा प्रश्न पुण्यातल्या किंवा युरोपातल्या आकड्यांवर सोडवून भागत नाही.

आधी हेडरचे काम समजून घेऊ. सिलिंडरमधून जळालेला वायू सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट नळीतून पुढे जाते. नळी जिथे संपते किंवा दुसऱ्या नळीला मिळते, तिथून ती लाट उलटते आणि कमी दाबाची लाट म्हणून व्हॉल्व्हकडे परत येते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात. नेमक्या त्या क्षणी ही लाट पोचली तर ती उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजी हवा आत खेचायला मदत करते. अडचण वेळेची आहे. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर क्रँकची एक फेरी १० मिलिसेकंदांत होते, आणि लाटेला जाऊन परत यायला साधारण त्याचा तिसरा हिस्सा मिळतो. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर धरला, तर नळी जवळपास एक मीटर लांब हवी. फेऱ्या ३००० वर आल्या की तोच हिशेब दोन मीटरवर जातो. याचा अर्थ असा की एका लांबीचा हेडर फेऱ्यांच्या एकाच पट्ट्यात पूर्ण साथ देतो. इतरत्र तो तटस्थ असतो, कधी थोडा विरोधातही जातो. चार सिलिंडरचा फायरिंग क्रम १-३-४-२ असतो. त्यात १ व ४ आणि २ व ३ अशा जोड्या लावणारा ४-२-१ हेडर मधल्या फेऱ्यांत टॉर्क राखतो, तर चारही नळ्या एकदम जोडणारा ४-१ हेडर लाभ वरच्या टोकाला सरकवतो. हेडरची निवड म्हणजे कोणत्या फेऱ्यांवर काय हवे आणि त्यासाठी कुठे काय सोडायचे, याची निवड होय.

आता टर्बो नसलेल्या इंजिनाचा हिशेब करू. सध्याच्या सिटीचे दीड लिटर इंजिन १२१ पीएस देते. अशा इंजिनावर चांगला हेडर साधारण २ ते ५ टक्के वाढ देतो, तीही बहुतेक वरच्या फेऱ्यांत. म्हणजे फार तर पाचसहा पीएस. या वाढीशेजारी बीडची हवा ठेवून पाहावी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. प्रमाणित चाचणीची हवा २५ अंशांची आणि ९९ किलोपास्कल दाबाची धरतात. तिच्या तुलनेत बीडच्या दुपारच्या हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी कमी भरते. डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, वापरल्या जाणाऱ्या प्रचलित सूत्राने पाहिले तर ताकदीतली घट ७ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे आठ-नऊ पीएस. हेडर सर्वोत्तम क्षणी जे देतो, त्याहून जास्त उन्हाळा दिवसभर काढून घेतो. वजनाकडून पाहिले तरी तेच. सुमारे ११०० किलोच्या गाडीत ८० किलोचा एक माणूस बसला की वजन ७ टक्क्यांनी वाढते आणि वेग घेण्याची क्षमता जवळपास तेवढीच घटते. हेडर निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. त्याचा फायदा खरा आहे, पण रोजच्या वापरातल्या चढउतारांत तो बुडून जातो. महामार्गावर वरच्या गिअरमध्ये चालणारी गाडी निम्म्या फेऱ्यांवरही नसते, आणि हेडर ज्या पट्ट्यासाठी घडवलेला असतो तो पट्टा वर राहून जातो.

टर्बो सेडानमध्ये तर प्रश्नच बदलतो. चाकणला बनणाऱ्या स्लाविया आणि व्हर्टस यांत फोक्सवॅगन समूहाची ईए २११ कुळातली १.० आणि १.५ लिटरची टीएसआय इंजिने आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात जुळणी होणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियात १.८ टीएसआय होते, ते ईए ८८८ कुळातले. या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हा वेगळा सुटा भाग नाही. तो सिलिंडर हेडच्या ओतकामातच घेतलेला आहे आणि त्याच्याभोवती कूलंट फिरते. त्यामुळे थंड इंजिन लवकर तापते, आणि पूर्ण जोरात धुराचे तापमान आटोक्यात राहत असल्याने केवळ गारव्यासाठी जादा पेट्रोल ओतावे लागत नाही. या गाड्यांना पारंपरिक अर्थाने हेडर बसवायला जागाच नाही. अशा गाड्यांसाठी ‘एक्झॉस्ट अपग्रेड’ म्हणून विकला जातो तो टर्बोनंतरचा डाउनपाइप. टर्बाइनच्या पुढचा अडथळा कमी झाला की तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो, टर्बो लवकर फिरतो आणि ट्यून करणाऱ्याला थोडी जास्त मोकळीक मिळते. मात्र ईसीयू न बदलता केवळ डाउनपाइप बसवला तर आधुनिक ईसीयू ठरलेल्या टॉर्कवरच इंजिन बांधून ठेवतो. म्हणजे टर्बो गाडीत नळी दुय्यम आणि आज्ञावली मुख्य.

आज्ञावलीत किती ताकद दडलेली असते, याचा भक्कम पुरावा कारखान्यांनीच दिला आहे. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या फियाट कारखान्यातून २०१० मध्ये लिनिया टी-जेट आली. तिच्या १३६८ सीसी टर्बो इंजिनाची ताकद ११४ पीएस आणि टॉर्क २०७ न्यूटन मीटर होता. पुढे १२५ एस या आवृत्तीत तेच इंजिन १२५ पीएसवर गेले, आणि २०१५ च्या अबार्थ पुंतोत याच कुळातल्या इंजिनाने १४५ पीएस दिले, टॉर्क मात्र २१२ न्यूटन मीटर. टॉर्कचा कमाल आकडा जेमतेम पाचने वाढला आणि ताकद एकतीस पीएसने वाढली. याचा अर्थ, टॉर्कचे शिखर फारसे न उंचावता तो वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवून धरला. त्याच वेळी कंपनीने अबार्थला चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि खाली बसवलेले सस्पेन्शन दिले. टाटा मोटर्सचे उदाहरणही असेच आहे. साधी टिगोर ८५ पीएसची होती. २०१८ ची टिगोर जेटीपी ११४ पीएसची झाली, ती टर्बो इंजिन घालून, आणि सोबत सस्पेन्शन व टायरही बदलले. कारखान्याला जेव्हा जास्त ताकद हवी असते तेव्हा तो हेडरवर अवलंबून राहत नाही. तो बूस्टकडे, म्हणजे टर्बोच्या दाबाकडे, वळतो, आणि वाढलेली ताकद पेलायला बाकीची गाडीही मजबूत करतो. बाहेरून केलेल्या ट्यूनमध्ये पहिला भाग होतो आणि दुसरा बहुतेक वेळा राहून जातो.

इथे सर्वांत जोरकस आक्षेप येतो : एकच इंजिन वेगवेगळ्या ताकदीला विकणे हा कंपन्यांचा बाजारी हिशेब आहे, ग्राहकाने आपली दडवलेली ताकद सोडवून घेतली तर बिघडले कुठे? या आक्षेपात तथ्य आहे. स्कोडा रॅपिडमध्ये १.० टीएसआय ११० पीएसची होती आणि स्लावियात ती ११५ पीएसची झाली. असे काही फरक नियम, करप्रणाली आणि मॉडेलांची उतरंड यांतून येतात. पण प्रत्येक मर्यादा बाजारी नसते. २०१५ च्या सुमाराच्या पोलो जीटीआयचे १.८ लिटर इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससह ३२० न्यूटन मीटर टॉर्क देई आणि सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह फक्त २५०. ताकद दोन्हीकडे १९२ पीएसच. कारण सरळ आहे. त्या डीएसजीचा, म्हणजे कोरड्या क्लचच्या डीक्यू २०० चा, टॉर्क पेलण्याचा पल्लाच २५० न्यूटन मीटरचा आहे. आपल्याकडच्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयचा टॉर्क २५० न्यूटन मीटर होता, आणि आजच्या स्लाविया व व्हर्टस १.५ चाही बरोबर २५० आहे. हे आकडे योगायोगाने जुळलेले नाहीत. इंजिनाला आणखी टॉर्क सहज काढता येतो, पण गिअरबॉक्सची शेवटची रेघ तिथे आखलेली आहे. ट्यून करणारे साधारण २० ते ३० टक्के वाढ सांगतात आणि टर्बो इंजिनात ती मिळतेही. डीएसजी गाडीत तिचा भार मात्र क्लचवर पडतो, आणि तो पहिल्या आठवड्यात नव्हे, हळूहळू दिसतो.

आता मोजणी. डायनोचा कागद हा या क्षेत्रातला पुरावा मानला जातो, पण तो वाचता आला पाहिजे. चाकांवर मोजलेल्या ताकदीवरून इंजिनाची ताकद काढताना गिअरबॉक्समधली घट किती धरायची, हे चालवणारा ठरवतो. १२ ऐवजी १५ टक्के धरली की कागदावर चारपाच पीएस वाढतात. दुसरा मुद्दा हवेच्या दुरुस्तीचा. एसएईच्या आजच्या प्रमाणाऐवजी जुने ‘स्टँडर्ड’ प्रमाण निवडले तर तोच ठोका, म्हणजे डायनोवरची तीच मोजणी, सुमारे ४ टक्के जास्त दिसतो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनावर हेडर जेवढे देतो तेवढेच हे आहे. तिसरा मुद्दा टर्बोचा. मोजणी पुण्यात केली तरी तेही शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. विरळ, गरम हवेची घट भरून काढण्यासाठी डायनो आकडा वर ओढतो; पण टर्बो इंजिनाने ती घट बूस्ट सांभाळून आधीच बरीच भरून काढलेली असते. मग तीच भरपाई दोनदा धरली जाते. म्हणून आधीचा आणि नंतरचा ठोका एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, सारख्याच तापमानाला आणि एकाच इंधनावर घेतलेला असावा, आणि दुरुस्ती न केलेला आकडाही मागून घ्यावा. कमाल आकड्यापेक्षा पूर्ण आलेख महत्त्वाचा. २००० ते ४५०० फेऱ्यांत रेघ कुठे आहे, हे त्यात पाहावे. गाडी चालते ती तिथे.

मूळ मुद्दा इथे पूर्ण होतो. टर्बो इंजिन विरळ आणि तापलेल्या हवेत आपली ताकद राखते ते कशाच्या बळावर? टर्बो जास्त वेगाने फिरवून. त्यासाठी त्याच्या वेगात, इंटरकूलरच्या क्षमतेत आणि इग्निशनच्या वेळेत मोकळी जागा लागते. ट्यून हीच मोकळी जागा वापरतो. जर्मनीत १५ अंशांच्या हवेत ही जागा रिकामी पडलेली असते, तेव्हा ती वापरणे तुलनेने सुरक्षित. मे महिन्यात चार माणसे, सामान आणि एसी सुरू असलेली गाडी मांजरसुंब्याचा घाट चढते, किंवा बालाघाटाच्या कुशीतला धारूरचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घेते, तेव्हा मूळ गाडीनेच ती जागा बरीचशी वापरलेली असते. अशा वेळी आत येणारी हवा तापते, नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याची, शक्यता वाढते, सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू इग्निशन मागे घेतो. परिणामी डायनोवर विकत घेतलेली वाढ सर्वाधिक गरजेच्या क्षणीच मावळते, आणि ट्यून बेफिकीर असेल तर पिस्टन आणि टर्बो धोक्यात येतात. ट्यूनचा खरा निकाल म्हणून थंड सकाळच्या पहिल्या ठोक्यावर लागत नाही. लागोपाठ घेतलेल्या पाचव्या ठोक्यावर, तापलेल्या इंजिनात किती शिल्लक उरते त्यावर तो लागतो.

इंधनाचा मुद्दा बीडसाठी दुहेरी महत्त्वाचा आहे, कारण हा ऊसतोड कामगारांचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा आहे आणि पेट्रोलमधले इथेनॉल उसाच्या अर्थकारणाशी बांधलेले आहे. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विक्रीप्रारंभ २०२३ मध्ये झाला. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे आणि ते बाष्प होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषते. ई२० साठी किमान ऑक्टेन ९५ ठरवला आहे. आपल्याकडचे साधे पेट्रोल पूर्वी ९१ चे असे. नॉकिंगने अडवलेल्या टर्बो इंजिनाला हा फायदाच आहे, आणि तो हेडरच्या फायद्याहून अधिक ठोस आहे. पण त्याची किंमतही आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला जास्त इंधन फवारावे लागते. नीती आयोगाच्या इथेनॉल आराखड्याने ई० साठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींच्या मायलेजमध्ये ६ ते ७ टक्के घट सांगितली आहे. याचा अर्थ असा की ई२० येण्यापूर्वी, वेगळ्या पेट्रोलवर घडवलेली ट्यून फाइल आज तशीच टाकणे चूक आहे. ट्यून करायचाच असेल तर जिथे रोज टाकी भरतो त्याच पंपाच्या इंधनावर तो जुळवला पाहिजे.

आणखी दोन आक्षेप विचारात घ्यायला हवेत. शर्यतीच्या गाड्यांना हेडर असतो, मग आपल्या गाडीला का नको? शर्यतीचे इंजिन वरच्या फेऱ्यांतच राहते, आणि त्याचा कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन, इनटेक हे सगळे हेडरशी जुळवून घडवलेले असते. तिथे हेडर एका पूर्ण रचनेचा भाग म्हणून फळतो. ज्याला टर्बो नसलेली गाडी ट्रॅकवर पळवायची आहे आणि बाकीच्या रचनेवरही काम करायचे आहे, त्याने हेडर जरूर घ्यावा. दुसरा आक्षेप अनुभवाचा : बदल केल्यावर गाडी हलकी वाटते, ते खोटे कसे? ती जाणीव खरी असते, पण तिचा मोठा भाग आवाजाचा असतो. मोठा आवाज आणि खालच्या फेऱ्यांतली थोडी मरगळ यांमुळे वर चढताना जोर आल्याचा भास होतो, आणि घड्याळ लावले की फरक दशांश सेकंदांत उरतो. ज्याला आवाजच हवा आहे त्याने तसे स्वतःशी मान्य करावे. मग निदान हिशेब सरळ राहतो.

त्या आवाजाची आणि धुराची किंमत मात्र मालक एकटा मोजत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुमारे २५० ते ३०० अंशांना तापल्यावरच नीट काम करू लागतो, म्हणून कारखाना तो इंजिनाला चिकटून बसवतो. लांब नळ्यांचा हेडर त्याला दूर नेतो आणि ‘कॅटलेस’ डाउनपाइप तो काढूनच टाकतो. पीयूसी मिळते ना, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी उभ्या, तापलेल्या इंजिनाची असते, तिच्यात थंड सुरुवात येत नाही आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही मोजले जात नाहीत. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद वेगळी आहे. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेला बदल पुढे केला तर नुकसान याहून कितीतरी मोठे. आणि दवाखान्यासमोरून, शाळेसमोरून, रात्रीच्या वस्तीतून जाणाऱ्या गाडीचा आवाज ज्यांना सोसावा लागतो त्यांना त्या पाच पीएसमधला एकही मिळत नाही.

या सगळ्याचा निष्कर्ष असा. टर्बो नसलेल्या सेडानवर केवळ ताकदीसाठी हेडर घेऊ नये; रस्त्यावर जाणवेल एवढे तो देत नाही. टर्बो सेडानला हेडरचा प्रश्न बहुधा लागूच होत नाही. तिचा ट्यून खरोखर ताकद देतो, पण वॉरंटी, गिअरबॉक्सची मर्यादा आणि कायद्याची चौकट पाहता बीडच्या उन्हाळ्यात रोज चालणाऱ्या गाडीसाठी त्याची शिफारस करता येत नाही. तोच पैसा आधी चांगल्या टायरवर, ताज्या ब्रेक फ्लुइडवर आणि दर्जेदार ब्रेक पॅडवर, वेळेवर बदललेल्या स्पार्क प्लगवर आणि आपल्या धुळीत लवकर भरणाऱ्या एअर फिल्टरवर घालावा. मूळ ताकद पूर्ण मिळते आहे की नाही, हे आधी तपासावे. अनेक गाड्या कागदावरच्या ताकदीपर्यंत पोचतच नाहीत, आणि ती परत मिळवायला कोणताही नियम मोडावा लागत नाही. ज्यांना खरोखर वेगाची आवड आहे त्यांनी ती बंदिस्त ट्रॅकवर जोपासावी आणि तिथे एकाच परिस्थितीत घेतलेल्या मोजणीवरच विश्वास ठेवावा. कारखान्याने मागे ठेवलेली ताकद वाया गेलेली नसते. घाटात, उन्हात आणि भरल्या गाडीत ती रोज कामाला येते. ती काढून घेण्याआधी तिची गरज आपल्यालाच सर्वांत जास्त आहे, हे बीडच्या गाडीमालकाने लक्षात घ्यावे.